बोळातलं कॉफीचं झाड

शालन, तुझ्या साड्या वाटून झाल्या. चांगल्या तेवढ्या तुझ्या लेकीनं ठेवल्या, बाकीच्या भावकीतल्या बायकांनी नेल्या. कुणी नको म्हणलं नाही, कुणी हावरटपणाही केला नाही, रीत म्हणून नेल्या. एक मात्र राहिली. ती जुनी हिरवी, बोळात दोन खिळ्यांना ताणून बांधलेली, तुझ्या कॉफीवर सावली धरणारी. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. ऊन खाऊन ती आता हिरवी कुठली राहायला! आत्ता मी सोडायला म्हणून हात वर केला, आणि मग खाली घेतला. तूच बांधलीस, तूच ये नि सोड, असं तोंडातून निघून गेलं. मग माझं मलाच कळलं मी काय बोलले ते, आणि तिथंच भिंतीला टेकून बसले.

मला तुझा राग आलाय. आधीच सांगते, म्हणजे नंतर म्हणू नको की आक्का रडत बसल्या होत्या. रडलेय पण, खोटं कशाला बोलू. पण रडणं संपतं, राग संपत नाही. मी थोरली. मी आधी या घरात आले, तर आधी मी जायचं. एवढी साधी गोष्ट तुला कळू नये? रांगेत घुसायची सवय तुझी, पाण्याच्या टँकरपाशी पण घुसायचीस आणि वर म्हणायचीस, "आक्का, तुमचीच घागर भरायलेय की!"

लोक म्हणतात जावाजावांचं पटत नसतं. आपलं तर नाहीच पटलं. एका चुलीवर भांडलो, मग चूल गेली, गॅस आला, भांडण तेच राहिलं. भाकरी जाड की पातळ, कालवणात शेंगदाण्याचं कूट किती, कुणाच्या माहेरचे पापड चांगले. पाली गावातल्या या आळीत सगळी आपलीच भावकी, भिंतीला भिंत, तरी आपलं भांडण ऐकायला कुणी कान लावत नव्हतं. त्यांना माहीत होतं, चहाच्या वेळेला दोघी एकाच पायरीवर बसलेल्या दिसणार. त्या दिवशी पण चहाच ठेवायचा होता. तू न्हाणीतून आलीस, "आक्का, डोकं लई ठणकतंय," म्हणलीस आणि खाली बसलीस. मी म्हणलं, "चहा घे, उतरंल." आणि पातेलं घ्यायला वळले. पुढचं मला सांगायचं नाही. बीडला नेलं, सगळं केलं, ते सगळ्या गावाला माहीत आहे. मला एवढंच ठाऊक की मी वळले तेव्हा तू होतीस.

झाडाचं बोलू.

बचत गटाच्या बायकांची सहल काढली होती आपण, कर्नाटकात देवदर्शनाला. घाटात गाडी अशी वळायला लागली की माझ्या पोटातलं सगळं वर आलं. तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसलीस, एका हातानं पाठ चोळायलीस, दुसऱ्या हातानं लिंबू नाकाशी धरलंस. मग एका ठिकाणी गाडी थांबली. सगळीकडं उंच झाडं, त्यांच्या सावलीत खाली काळपट हिरवी झुडपं, पानं अशी चकचकीत की तेल लावल्यासारखी. ड्रायव्हर म्हणला, ही कॉफी. बाकीच्या बायकांनी कॉफीची पावडर घेतली, वेलदोडे घेतले. तू कुठं गायब झालीस म्हणून मी शोधत आले, तर तू एका कामकरी म्हातारीसमोर उभी. तिला मराठी येत नाही, तुला कानडी येत नाही, आणि दोघींचं बोलणं धडाधड चाललेलं. तिनं तुला पिशवीतलं वीतभर रोप दिलं. द्यायच्या आधी आपला पदर त्या रोपावर धरला, आभाळाकडं बोट केलं आणि मान जोरजोरात हलवली. नको, ऊन नको.

"कळलं, माय," तू म्हणलीस. "लेकरागत पदराखाली ठेवायचं."

परतीच्या वाटेवर ते रोप तुझ्या मांडीवर आणि माझं डोकं तुझ्या खांद्यावर. मला परत मळमळलं तर तू आधी रोप बाजूला घेतलंस. मी म्हणलं, "मेल्या झाडाची काळजी हाय, माझी न्हाई." तू म्हणलीस, "आक्का, तुमी पुसून घेताल. त्याला पुसता येत न्हाई."

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "चहाला दूध पुरंना, अन् ही कॉफी लावायली!" भाऊजी काही बोलले नाहीत, तुझ्या नवऱ्याला बोलायला वेळ लागतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी मात्र बोलले. मी म्हणलं, झाड म्हणलं की ऊन पाहिजे, अंगणात लाव. तू म्हणलीस, म्हातारीनं पदर धरला होता. मी म्हणलं, म्हातारीच्या गावाला ढग असतात, आपल्याला काय हाय! शेवटी अंगणात लावलं. चैत्राच्या उन्हानं पानं कडेनं अशी भाजली, जशी तव्यावर विसरलेली भाकरी. तू ते उपसलंस आणि घराच्या उत्तरेच्या बोळात नेलंस, जिथं फक्त सकाळची तिरीप येते. निळा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून घेतलास, बुडाला भोकं पाडलीस. मी धरणातला गाळ आणून दिला, आपल्या रानाला गाळ म्हणजे सोनं. तू तो उचलून लिंबोणीच्या आळ्यात टाकलास. म्हणलीस, "ह्याच्यात पाणी तुंबंल, ह्याची मुळं कुजतील." वाळू, पालापाचोळा, जुनं शेणखत कालवून भरलंस, वरून उसाचं पाचट अंथरलंस. आणि मग ही साडी बांधलीस.

पाण्याचा तुझा ताप तर विचारूच नको. आपलं बोअरचं पाणी जड. घागरीला पांढरा थर, नळाला पांढरा थर, तसाच ड्रमच्या काठाला पांढरा थर. पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. तू कुणाकुणाला विचारून आलीस, आंबट ताक पाण्यात घालून द्यायला लागलीस. मी म्हणायचे, "माणसाला ताक मिळंना, अन् झाडाला वाटी!" मग पिण्याच्या जारमधलं पाणी घालायला लागलीस. त्यावरून तर आपलं असं वाजलं की दोन दिवस तू तुझा चहा वेगळा केलास. पावसाळ्यात कपिलधारला गेलो, लोक धबधब्याखाली हात जोडून उभे, आणि तू कॅन धरून! "अगं, देवाचं पाणी हाय," मी ओरडले. "मग? झाड काय सैतानाचं हाय?" सगळ्या बाया हसल्या. मी पण हसले, तोंड फिरवून.

आणि रोज सकाळी तांब्या, रोज संध्याकाळी तांब्या. माहेरी गेलीस तरी फोन, "आक्का, घातलं का?" मी म्हणायचे, "घातलं गं बाई, तुझ्या झाडाला पाजलं, आता तुझ्या नवऱ्याला जेवाय घालते." उन्हाळ्यात ओलं फडकं फिरवून पानं पुसायचीस. वैशाखात तू त्या बोळात भिंतीवर पाणी मारायचीस, गारवा राहावा म्हणून, आणि दुपारी तिथंच चटई टाकून पडायचीस. मला हाक मारायचीस, "या की, इथं फुकटचा कूलर हाय." मी आले तर ऐकवायचीस, "आलात ना शेवटी झाडाच्या सावलीला?"

झाड वाढलं. माझ्या खांद्याला लागलं. पानं हाताएवढी. कुणीही पाव्हणा आला की तू त्याला बोळ दाखवायचीस. पाव्हणा विचारायचा, कॉफी कधी प्यायची? तू आधी चहा घ्या म्हणायचीस. कारण फूल नव्हतं. वर्षं गेली, एक फूल नाही. फुलाशिवाय फळ नाही, फळाशिवाय बी नाही. तू पानांच्या बेचक्यात बोट घालून बघायचीस, रोज.

पैज लागली तो दिवस आठवतो? मोसंबीच्या बागेत होतो. बाग नुसती पांढरी झालेली, मधमाश्यांच्या आवाजानं कान बधिर झालेले. तू एका फांदीपाशी थांबलीस आणि वास घेऊन म्हणलीस, "आक्का, माझं कवा असं फुलंल हो?"

मी म्हणले, "तुझं नर हाय. पपईत नसतंय का नर झाड? वाढतंय दांडगं, धरत काय न्हाई. उपटून टाक अन् तिथं धुण्याचा दगड ठेव."

तू वळलीस. डोळ्यात पाणी होतं, पण तू रडणारी थोडीच! म्हणलीस, "लावता पैज? फुललं तर आळीत मधोमध उभं राहून म्हणायचं, शालन खरी, मी खोटी."

"आन् न्हाई फुललं तर?"

"तर मी म्हणीन आक्का खऱ्या, मी खोटी. तसं ते मी रोजच म्हणते, माझं काय जातंय?"

ते खरंच होतं. तू रोज हरायचीस आणि तुला त्याचं काही वाटायचं नाही. मी कधी चुकून कौतुक केलं, आज आमटी बरी झाली म्हणलं, तर मात्र हात कानाला लावून पुढं यायचीस. "काय म्हणलाव? ऐकू न्हाई आलं. परत म्हणा." मी परत कधी म्हणले नाही. दुसऱ्यांदा म्हणणं माझ्या जिभेलाच जमत नाही, तुला माहीत होतं. म्हणूनच म्हणायचीस.

आता ऐक, तू गेल्यावर काय झालं.

सूतक. देव झाकले, दिवा बंद. अंगणातल्या तुळशीला पाणी कोण घालणार? घरातलं कुणी चालत नाही, आणि या आळीत सगळी भावकीच, सगळ्यांनाच सूतक. सुटलेलं घर एकच, टोकाचं नसीम भाभीचं. ती रोज सकाळी नवऱ्याचा फळांचा गाडा बीडला निघाला की आपल्या अंगणात यायची, डोक्यावरचा पदर सावरून तुळशीला तांब्या घालायची, दाराशी क्षणभर थांबायची आणि जायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "आजी, दुसऱ्या झाडांना बी घालू का?" सासूबाई म्हणल्या, "नगं गं माय. तुळशीला तेवढं घाल. बाकीच्याला कशाला तुला तरास." बाकीच्यात काय काय येतं, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. बोळाकडं कुणी गेलंच नाही. न्हाणीचं दार तिकडंच, म्हणून मी तर मान पण वळवत नव्हते.

गोडजेवण झालं, पाव्हणे गेले, तुझी लेक परत कॉलेजला गेली. तिकडून तिचा फोन आला. आधी रडली, मी रडले, मग नाक ओढत म्हणली, "मोठी आई, आईचं झाड कसंय गं?"

मी म्हणले, "हाय की. मस्त हाय."

फोन ठेवला आणि पळाले. चप्पल पण घातली नाही.

शालन, ते झाड नव्हतं. पानं खाली लोंबकळलेली, जशी मान टाकलेली कोंबडी. चकाकी गेलेली, कडा मुडपलेल्या. खाली पानांचा सडा. पाचटाखाली बोट घातलं तर माती ड्रमपासून सुटलेली, खडखडीत. मी त्या ड्रमला मिठी मारली. खरंच मारली, कुणी बघितलं असतं तर म्हणलं असतं, गेली थोरली पण. मी म्हणले, अगं भवाने, तू गेलीस ते गेलीस, आता हे पण नेतेस का?

मग मी जे केलं ते तुला हसू येईल असंच आहे. जारचं पाणी ओतलं. हो, जारचं. सबंध. ताक घुसळून पाण्यात घातलं. फडकं ओलं करून एकेक पान पुसलं. भिंतीवर पाणी मारलं. साडी सैल झाली होती ती परत ताणून बांधली, तुझी गाठ न सोडता तिच्यावर माझी गाठ मारली. दुपारी चटई टाकून तिथंच पडले. सासूबाई दारातून म्हणल्या, "पोरी, झाड सांभाळून मेलेलं माणूस राहत नसतंय." मी म्हणले, "आत्या, तुमी आत जावा." असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्या गेल्या पण.

मी झाडाशी बोलले. विनवलं, धमकावलं. तुझ्या लेकीला मी काय सांगू? आईचं एवढंच ठेवलं होतं, ते पण सांभाळता आलं नाही? मी मनात देवालासुद्धा म्हणले, तिला नाही दिलंस परत, ठीक आहे, ते तुझ्या हातात नसेल. हे दे. हे तर एक झुडूप आहे. याच्यात तुझं काय अडलंय?

आत भाऊजी भिंतीकडं तोंड करून पडलेले. जेवायला उठवावं लागतं, आंघोळीला ढकलावं लागतं. घरातून एक शब्द नाही. तुला बडबडी म्हणून सगळे हसायचे ना? आता कळतंय, दोघांचं तू एकटीच बोलत होतीस.

पाण्यानं झाड सावरलं. सगळं नाही, खालच्या फांद्या गेल्याच. पण वरची पानं उचलली. मी लेकीला फोटो पाठवला, वरचा वरचा, खालचा भाग न दाखवता. जरा जीव भांड्यात पडला होता, तोच एके दिवशी पानांच्या बेचक्यात पांढरं दिसलं. बारीक, तांदळाच्या कण्यांसारखं, झुपक्या-झुपक्यानं. मोसंबीवर येतो तो पिठ्या ढेकूण! आधीच अर्धमेलं झाड, त्यात ही कीड. मी साबणाचं पाणी केलं, चिंधी घेतली आणि एक फांदी बुडापासून शेंड्यापर्यंत घासून काढली. दुसरी धरली तेवढ्यात नसीम भाभी आली, वाटीत शेवयांची खीर घेऊन.

"या अल्ला, काय करायलाव भाभी?"

"कीड पडली गं. बघ की, सगळीकडं."

तिनं वाटी खाली ठेवली, वाकली, नाकाशी फांदी नेली. "कीड कुठली? कळ्या हायेत ह्या! माझ्या मायच्यानं, कळ्या हायेत."

मी हातातल्या चिंधीकडं बघितलं. तिला पांढरं लागलं होतं. शालन, तू एवढी वर्षं ज्यांची वाट बघितलीस, त्या कळ्यांची एक अख्खी फांदी मी साबणानं पुसून टाकली. तू असतीस तर मला मारलंच असतंस, आणि मी मार खाल्ला असता.

उरलेल्या फांद्यांना मग मी हात लावला नाही. श्वास पण लांबून घेतला. कळ्या मोठ्या होत गेल्या, उभ्या राहिल्या, बारक्या मेणबत्त्यांसारख्या. आणि आज सकाळी मी दार उघडलं तर वास. मोगऱ्याचा म्हणावा तर मोगरा नाही, मोसंबीचा म्हणावा तर ते पण नाही. बोळ भरून अंगणात आलेला. प्रत्येक बेचक्यात पांढरा गजरा, पानं झाकली जातील इतका. मी नुसती उभी राहिले. पहिला विचार काय आला सांगू? शालनला हाक मारावी. तोंड उघडलं पण होतं मी.

हाक मी मारलीच नाही, तरी भाऊजी आले. आपल्या पायानं उठून, वासामागं. किती दिवसांनी बाहेर आले ते. फुलांकडं बघत राहिले. मग ड्रममध्ये हात घातला, पाचट बाजूला केलं, माती चिमटीत घेऊन बघितली, रानात बघतात तशी. आणि म्हणले,

"वैनी, ह्याला ताण बसला."

एवढंच म्हणले आणि तिथंच मातीत मांडी घालून बसले, आणि मग रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

ताण, शालन. आपण दरसाल मोसंबीला देतो तो. बाग फुलवायची तर पाणी तोडायचं. पानं मलूल होऊ द्यायची, थोडी गळू द्यायची, जीव धोक्यात आहे असं झाडाला वाटलं पाहिजे, आणि मग पाणी सोडायचं. की आठ-पंधरा दिवसांत बाग पांढरी. भाऊजींचा सगळा जन्म त्यात गेला. तू स्वतः त्या बागेत आळ्याआळ्यात पाणी मोडायला गेलेली बाई. सासूबाईंना माहीत, मला माहीत, आळीतल्या लहान लेकराला माहीत. आणि आपल्यातल्या एकाला, एकालाही, बोळातल्या ड्रमकडं बघून ते सुचलं नाही. का? कारण ती बाग आणि हे लेकरू. लेकराला कुणी उपाशी ठेवतं का? तू त्याला तहान म्हणजे काय ते कधी कळू दिलं नाहीस. म्हातारीनं पदर धरायला सांगितला, तू पदर तर धरलासच, वर तांब्या पण. अति तिथं माती म्हणतात. तुझी माती सुद्धा ओलीच राहिली.

म्हणजे तू असतीस तर आज सकाळी तांब्या, संध्याकाळी तांब्या, आणि हे फुललं नसतं. तू नव्हतीस, म्हणून कुणी पाणी घातलं नाही. कुणी पाणी घातलं नाही, म्हणून फुललं. तू ज्याची वाट बघत होतीस, ते तुझ्या जाण्यानं आलं. हे मी कुठं ठेवू, सांग. गिळवत नाही, थुंकवत नाही. एकदा, एकदाच आधी मला सुचलं असतं, मी म्हणले असते, बये, दोन आठवडे ह्याला उपाशी ठेव, तर तू भांडली असतीस, तू तिकडं वळल्यावर मी तांब्या लपवला असता, आणि ही फुलं तू बघितली असतीस. एवढं सोपं होतं. मला फूल नको आहे, शालन. उपटून टाकते हे झाड, परत ड्रम रिकामा करते, तू नुसती परत ये आणि पाणी घालत बस जन्मभर. नर आहे म्हणू आपण त्याला. काय बिघडत होतं?

लेकीला फोटो पाठवलाय. तिचा फोन आला. मी तिला ताणाचं सांगितलं नाही. तू पण सांगू नको. आई जिंकली एवढंच तिला माहीत असू दे.

कारण पैज तू जिंकलीस. बाकी कसं का असेना, फुललं. आणि मी शब्दाची पक्की आहे, तू दहादा म्हणलीस तसं खडूस असेन, पण शब्दाची पक्की. ही फुलं उद्या-परवा तपकिरी पडतील म्हणतात, म्हणून थांबले नाही. आळीत गेले, मधोमध, टँकर उभा राहतो तिथं. बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. पदर खोचला, आणि म्हणले. मोठ्यानं म्हणले.

"शालन खरी, मी खोटी."

कुणी हसलं नाही गं. एक जण हसली असती तर बरं झालं असतं. सगळ्या खाली बघायला लागल्या. नसीम भाभीनं तोंडाला पदर लावला. सासूबाई ओट्यावरून उठून आत गेल्या. आणि मी तिथंच उभी राहिले, कान देऊन. उगंच नाही. मला ठाऊक होतं मी कशाची वाट बघायलेय.

परत आले, बोळात बसले, आणि हे तुला लिहितेय. मोसंबीला बहार धरला की पाणी तोडत नाहीत, ह्याला पण आता तहान लागू द्यायची नाही. आज संध्याकाळचा तांब्या मी घालीन, उद्याचा पण. त्याची काळजी करू नको.

तू एवढंच कर. त्या पायरीवर ये, हात कानाला लाव, आणि म्हण, "काय म्हणलाव आक्का? ऐकू न्हाई आलं. परत म्हणा."

मी परत म्हणते. आता जमतंय मला. तू विचारशील तितक्यांदा म्हणते.